पोट्याचा मान

दर जुलैत आमच्या शाळेला रंग लागतो. पहिल्या वर्षी पिवळा लागला, दुसऱ्या वर्षी आकाशी, आणि गेल्या वर्षी भिंतींवर हत्ती आणि जिराफ आले. आमच्या गावाच्या आसपास ना हत्ती, ना जिराफ. पोरांनी जन्मात पहिला हत्ती पाहिला तो दुसरीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर, आणि त्याचं तोंड जरा डुकराच्या वळणावर गेलेलं. पण पाहुण्यांनी काढला म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि "अगदी हुबेहूब!" म्हणालो.

पाहुणे म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोच्या एका चर्चची मंडळी. दोन आठवडे राहतात. सकाळी प्रार्थना घेतात, मग पोरांना हातवारे करत म्हणायची गाणी शिकवतात, बाहुल्या नाचवून येशूच्या गोष्टी सांगतात आणि दुपारी भिंती रंगवतात. आता आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारं. माझे आजोबाच पास्टर होते. पण पहिल्या वर्षी पास्टरबाईंनी पोरांना विचारलं, "येशू कोण, माहीत आहे का?" आणि सगळी पोरं एका सुरात "हो!" म्हणाली, तेव्हा बाईंच्या हातातली बाहुली जरा खाली गेली. ते पोरांनी बघितलं. पुढच्या वर्षीपासून ती मान हलवून "नाही" म्हणतात, म्हणजे बाईंना गोष्ट पहिल्यापासून सांगता येते.

मी मिनायो, तिसरीची टीचर. सासर नदीपलीकडे, पण शाळा माझ्या माहेरच्या गावात. आमचे हेडमास्तर मुडाकी माझे चुलतभाऊ लागतात, त्यामुळे शाळेत मी त्यांना "सर" म्हणते आणि शाळेबाहेर जे तोंडाला येईल ते.

यंदा मला रंगाचं नावही नको होतं. माझ्या वर्गाचं छप्पर गेलं होतं. गेलं होतं म्हणजे जागेवर होतं, पण गंजून त्याची चाळण झाली होती. आमच्याकडे पाऊस बहुतेक रोज दुपारी येतो, आणि दुपार म्हणजे गणिताचा तास. मे महिन्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. वर्गात आले, वर बघितलं आणि आतच छत्री उघडली. छत्रीखालूनच सांगून गेले, "या सत्राच्या शेवटी परत येतो. तोवर छप्पर झालं नाही तर तिसरी बंद. पोरं नदीपलीकडच्या शाळेत जातील."

नदीवर आमच्याकडे दोन ओंडक्यांचा पूल आहे आणि पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो. आठ-नऊ वर्षांची पोरं. कोणते आईबाप त्यांना पाठवतील आणि कोणते घरी बसवतील, हे मी प्रत्येकाचं नाव घेऊन सांगू शकत होते. मुलींपैकी तर एकही पलीकडे गेली नसती. साहेबांच्या भाषेत एक वर्ग कमी होणार होता, माझ्या हिशेबी निम्म्या पोरांची शाळाच संपणार होती. मला तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं.

"मग पाहुण्यांना सांगा ना," मी मुडाकीला म्हटलं.

"पाहुण्याला काम सांगायचं?" तो असा दचकला, जणू मी पाहुण्यांचे खिसे कापायला सांगत होते. "हे शिकवलं तुझ्या बापानं तुला?"

"मग रंग देतात तो काय खेळ आहे?"

"ते त्यांनी आपणहून विचारलं होतं. पास्टरबाई म्हणाल्या, आम्ही शाळा रंगवली तर चालेल का? आता मी काय नको म्हणू? मी म्हटलं, आम्हाला रंगाचीच फार गरज आहे."

"आणि दर वर्षी?"

"दर वर्षी त्या पत्रातून विचारतात, यंदाही रंगच ना? मी कळवतो, रंगच."

"तुला फाशी देताना कोणी 'दोरच ना?' विचारलं तरी तू दोरच म्हणशील."

"पाहुण्यानं विचारलं तर म्हणेन," मुडाकी म्हणाला, आणि खरंच म्हणाला असता.

त्यालाही फार बोलता येत नाही. आमच्यात पाहुण्याला घरातलं दुखणं सांगतच नाहीत. मीठ संपलं असेल तर पाहुणा गेल्यावर शेजारी जायचं. छप्पर गळत असेल तर पाहुण्याला कोरड्या कोपऱ्यात बसवायचं आणि आपण गळक्या बाजूला बसून हसायचं. मुडाकीनं तर यंदा पाहुण्यांसाठी नवी न्हाणी बांधून घेतली होती, वर कोरे करकरीत पत्रे. सरकारकडून दुरुस्तीसाठी आलेलं जे काही होतं ते सगळं त्या न्हाणीत गेलं. तिच्यावरून जाताना माझ्या तोंडातून जे शब्द निघायचे ते पास्टरच्या नातीला शोभणारे नव्हते.

यंदा तिघंच आले. पास्टरबाई रोंडा, उंच, दणदणीत हसणाऱ्या, दिसेल त्याला मिठी मारणाऱ्या. ब्रिन नावाची कॉलेजातली पोरगी, गेल्या वर्षीही आलेली आणि यंदाही पहिल्याच दिवशी उन्हानं टोमॅटो झालेली. आणि लेलँड, साठी ओलांडलेला, मोठ्या हातांचा, कमी बोलणारा माणूस. तो दर वर्षी यायचा आणि सगळ्यांत सरळ रेघ त्याच्या ब्रशची असायची. मधूनच काम थांबवून अंगणात उभा राहायचा आणि वर बघायचा. मला वाटायचं, देवाशी बोलत असेल.

पहिला आठवडा नेहमीसारखाच मजेत गेला. ब्रिननं पोरांना दात घासायला शिकवलं. आमची पोरं झाडाच्या काड्या चावून दात घासतात, आणि तिच्या स्वतःच्या दातांत चांदी भरलेली होती, पण सगळ्यांनी नव्या ब्रशांनी मन लावून घासलं आणि मग पेस्ट गिळून टाकली, कारण ती गोड होती. दुसऱ्या दिवशी ती बिचारी विचारत होती, एवढ्या नळ्या संपल्या कशा. पास्टरबाई आमच्या भाषेतला "मिरेंबे" हा नमस्कार शिकल्या आणि रस्त्यात भेटेल त्याला घालू लागल्या. एकदा त्यांनी तो माझ्या बाबांच्या गाईलाही घातला. गाईनं मान वर केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बघा, हिला समजलं!"

आणि मग एका दुपारी ब्रिन माझ्या वर्गात पोरांना मणी ओवायला शिकवत असताना पाऊस आला. मी तिला खुर्चीसकट उचलल्यासारखं करून कोरड्या कोपऱ्यात नेलं. पोरं आपोआप भिंतीला चिकटली, दप्तरं पोटाशी धरली. पाण्याच्या धारा बाकांवर पडायला लागल्या. पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून मी गाणं सुरू केलं, टाळ्या वाजवत, नाचत. पोरंही गायला लागली. ब्रिनच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "किती सुंदर! पाऊस आला की तुम्ही गाता!"

"हो," मी म्हटलं. "फार गातो."

त्या रात्री मी चुलीपुढे बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं मला वाटत होतं. पाहुणे परत जायला आठवडा उरला होता, रंगाचे डबे कोठीत येऊन पडले होते आणि मी नाचत होते.

त्याच आठवड्यात माझे बाबा शाळेत आले. माझ्या बाबांचं नाव लुगालिया. एकटे राहतात. कोट घालून आले होते, म्हणजे मोठंच काम. पास्टरबाईंपुढे उभे राहून म्हणाले, "तीन वर्षं तुम्ही माझ्या दारावरून जाता. उद्या संध्याकाळी आत या." पाहुण्यांना शाळेबाहेरचं खायला मनाई असते, त्यांच्या चर्चचा नियम आहे. मी भाषांतर केलं आणि बाई नियम सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी बाबांचा कोट बघितला. "येऊ," त्या म्हणाल्या.

बाबांनी आपला कोंबडा मारला. मी दुपारपासून रांधत होते. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, कोंबडी, आमची ती बुळबुळीत पालेभाजी. बाबा दर थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे.

"पोटा कुठाय?"

"पातेल्यात आहे, बाबा."

"नीट बघ."

"बघितला. पळून नाही गेला."

कोंबडीचा पोटा, तो गोल चिवट तुकडा, आमच्यात घरधन्याच्या ताटात जातो. दुसऱ्या कोणाच्या नाही. बायकांनी तर तो चाखायचाही नाही. माझ्या आईच्या हातून एकदा तो मांजरानं पळवला, तर बाबांनी आठवडाभर मांजराशी आणि आईशी अबोला धरला होता. आणि एखाद्या पाहुण्याला फारच मान द्यायचा असेल तर घरधनी स्वतःच्या हातानं आपला पोटा त्याच्या ताटात ठेवतो. हे मी जन्मात दोनदाच पाहिलं होतं.

"त्यांच्यात मुख्य कोण?" बाबांनी विचारलं.

"पास्टरबाई."

"बाईला पोटा? तुझी आई थडग्यातून उठून येईल. आणि पहिल्यांदा मला झोडपेल, सारा संसार झाला, तिला कधी दिला नाही म्हणून."

"मग त्या लेलँडला द्या."

"बोलत नाही फार. बरा दिसतो," बाबा म्हणाले.

संध्याकाळी सगळे जमले. मुडाकीही आला, इस्त्रीच्या शर्टात, पाहुण्यांना काही कमी पडू नये म्हणून. बाबांनी इतकी लांब प्रार्थना केली की पास्टरबाईंनीही एक डोळा उघडून बघितलं. मग हात धुऊन सगळे बसले, आणि बाबांनी पातेल्यातून पोटा काढून लेलँडच्या ताटात ठेवला. मुडाकी ताठ झाला. मी भाषांतर करायला उभी होते.

"सांग त्याला," बाबा म्हणाले. "हा तुकडा घरधन्याचा. आता हे घर त्याचं."

मी सांगितलं. लेलँड लाल झाला. आधी "नको, नको, तुम्हीच घ्या" म्हणाला. मी म्हटलं, परत द्यायचा नसतो. तेव्हा त्यानं काय केलं, तर सुरी घेऊन त्या एवढ्याशा पोट्याचे तुकडे केले. एक स्वतःला ठेवला. एक पास्टरबाईंच्या ताटात ठेवला, एक ब्रिनच्या, आणि एक वर माझ्याकडे धरला.

मुडाकीला ठसका लागला. मी बाबांकडे बघितलं. बाबा त्या तुकड्यांकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाबा हसत होते, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"घरधनी तो आहे ना?" ते मुडाकीला म्हणाले. "घरधन्यानं आपल्या घरातल्या बायकांना काय द्यावं, ते तो बघेल. तू तुझं जेव. मिनायो, खा."

मी खाल्ला. आईची आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर तो नुसता चिवट होता. एवढ्यासाठी मांजराशी अबोला!

लेलँड बराच वेळ चावत होता. शेवटी गिळला आणि विचारलं, "मग घरधनी म्हणून मला आता काय करायचं असतं?"

मी बाबांना विचारलं. बाबा बोटं चाटत म्हणाले, "काही नाही. बसायचं आणि घरातल्यांची गाऱ्हाणी ऐकायची. मी पन्नास वर्षं तेच केलं."

मी हे लेलँडला सांगितलं आणि सगळे हसले. माझं हसणं मात्र मधेच थांबलं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माझं एक गाऱ्हाणं आहे," मी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, लेलँडकडे बघून.

मुडाकी आमच्या भाषेत गुरगुरला, "मिनायो, भाजी वाढ."

"भाजी सगळ्यांच्या ताटात आहे."

"मग पाणी आण."

"बाबा," मी म्हटलं, "हा पाहुणा आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग मुडाकीकडे. त्यांना माझ्या वर्गाचं सगळं ठाऊक होतं. "पोटा कोणी खाल्ला?"

"ह्यानं."

"मग पाहुणा कसला?"

आणि मी बोलले. छप्पर, साहेब, छत्री, नदी, पूल, कोणत्या मुली घरी बसतील, सगळं एका दमात. मुडाकीनं तोंड हातांत झाकून घेतलं होतं.

लेलँडनं ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं, रागावला.

"म्हणजे आता मी त्या छपराबद्दल बोललो तर चालेल?" त्यानं विचारलं.

"अहो, तुमचंच आहे."

"मॅडम मिनायो, मी सारा जन्म छपरं घातली. घरी माझा तोच धंदा आहे. मी तीन वर्षं तुमच्या अंगणात उभा राहून ते छप्पर बघतोय. त्याच्यापायी मला झोप लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"लोकांच्या घरी जाऊन, तुमचं छप्पर वाईट आहे, असं कोण म्हणतं? माझ्या आईनं मला तसं वाढवलेलं नाही." तो खाली बघून म्हणाला, "आणि मला वाटलं, तुम्हाला ते चालतं. पाऊस आला की तुम्ही सगळे गाता."

"आम्ही लाजेनं गातो!" मी ओरडलेच.

पास्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मला रंगकाम मुळीच आवडत नाही. माझी पाठ धरते. पण सर म्हणतात, रंगाचीच गरज आहे..."

मुडाकीनं हात बाजूला केले. "मला वाटलं, तुम्हाला आवडतं!"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला!"

"मला त्या हत्तीचीही लाज वाटते," ब्रिन हळूच म्हणाली. "तो मी काढला होता."

"छान आहे की," मुडाकी लगेच म्हणाला.

"सर, खरं सांगा."

मुडाकीनं बाबांकडे बघितलं, छताकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "डुक्कर आहे," तो म्हणाला, आणि ब्रिन इतकी हसली की तिला ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

बाबा मला कोपरानं ढोसत होते, काय म्हणतायत, काय म्हणतायत. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं, आणि तीन वर्षं एकमेकांना रंग फासत बसली."

दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे बाजारात परत गेले. दुकानदार मुडाकीवर खवळला. "हा गुलाबी आख्ख्या जिल्ह्यात कोणी लावत नाही, तुमच्या पाहुण्यांसाठी म्हणून खास मागवला!" पण मुडाकीचा चेहरा असा आहे की त्याला फार वेळ रागावता येत नाही. डब्यांच्या बदल्यात पत्रे मिळाले. बाबांनी आपलं निलगिरीचं झाड दिलं, गावातले पुरुष करवती घेऊन आले, कोणी घरचे खिळे आणले. वासे तासताना अंगणभर निलगिरीचा वास सुटला. माझी पोरं चिंचोळ्या सावलीत बसून पाढे म्हणायची आणि दर ओळीला वर बघायची. मी रागवत नव्हते, कारण मीही तेच करत होते.

आणि लेलँड! वर्षानुवर्षं ब्रश धरून मुकाट उभा राहणारा माणूस छपरावर चढला आणि त्याला कंठ फुटला. "सर, डोळे मिटून प्रार्थना नंतर करा, आधी शिडी धरा!" "हा वासा कोणी लावला? काढा!" मुडाकीला जन्मात कोणी पाहुणा ओरडला नव्हता. पहिल्या दिवशी तो हिरमुसला, दुसऱ्या दिवशी उलट ओरडायला लागला. आम्हीही सुटलो. आधी आम्ही त्यांना विणलेले रुमाल घातलेल्या खुर्च्यांवर बसवायचो. आता ब्रिन दिसली की बायका तिला कच्ची केळी सोलायला बसवायच्या, आणि चिकानं काळी झालेली बोटं ती सगळ्यांना कौतुकानं दाखवायची. पास्टरबाई दगडावर वाकडे खिळे सरळ करत बसायच्या. गुरुवारी त्यांची प्रवचनाची वेळ झाली, तर हातात हातोडी घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, याला पाऊस लागू देऊ नकोस. आमेन." तीन वर्षांतलं त्यांचं सगळ्यांत लहान प्रवचन ते, आणि आमच्या गावानं सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हटलं तेही त्यालाच.

शुक्रवारी दुपारी पत्रे संपले. फळ्याच्या वरची बाजू उघडीच राहिली, चांगली बैलगाडी जाईल एवढी. शनिवारी पहाटे पाहुणे जाणार होते. आभाळ भरून आलं होतं. गावातल्या पुरुषांनी खिसे चाचपले, दुकानदारानं उधारीला नाही म्हटलं. मुडाकी म्हणाला, प्लास्टिकचा कागद ताणू. साहेब कागदाला छप्पर म्हणणार नाहीत, हे सगळ्यांनाच कळत होतं.

लेलँड छपराच्या कण्यावर बसून इकडेतिकडे बघत होता. त्यानं हातोडीनं अंगणापलीकडे खूण केली.

"सर, ते पत्रे कोणाचे?"

मुडाकीनं न्हाणीकडे बघितलं. "ते? ते पाहुण्यांचे."

"कुठायत पाहुणे?"

मुडाकीनं अंगणभर नजर फिरवली. पास्टरबाई दगडावर खिळे ठोकत होत्या, केसांत भुसा. ब्रिन डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येत होती आणि निम्मं पाणी तिच्या अंगावर होतं. छपरावर लेलँड बसला होता, आमच्याच माणसांच्या रांगेत, आमच्याइतकाच मळलेला. मग त्यानं बाह्या वर केल्या, स्वतः न्हाणीवर चढला आणि पहिला पत्रा उचकटला. मी त्याला तेव्हा, शाळेच्या अंगणात, सगळ्यांसमोर, "अरे माझ्या राजा!" म्हटलं.

शनिवारी पहाटे पास्टरबाईंनी उघड्या न्हाणीत अंघोळ केली. वरून भुरभुर चालू होती. "दोन अंघोळी झाल्या!" असं आतून ओरडत होत्या आणि अख्खं गाव बाहेर हसत होतं.

निघताना बाबा लेलँडचा हात सोडेनात. मला म्हणाले, सांग त्याला, पुढच्या वर्षी लवकर ये म्हणावं, गोठ्याचंही बघायचंय, आणि तेव्हा कोंबडा नसेल, आता एकच तलंग कोंबडी उरलीय. मी सांगितलं. लेलँड हसला, मग त्याचे ओठ वाकडे झाले, आणि तो गाडीत जाऊन तोंड फिरवून बसला. मलाही फार वाईट वाटलं. मला तो माणूस आवडायला लागला होता, आणि ते कळायला तीन वर्षं आणि एक छप्पर लागलं.

सत्र संपायच्या आठवड्यात साहेब आले. भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल धरून, भर पावसात. मुडाकीच्या खोलीत न जाता ते सरळ धावत जवळच्या दारात शिरले आणि ते दार माझं होतं. अंगातून पाणी निथळत होतं. मागच्या बाकावर एक मुलगी सरकली, तिच्याशेजारी बसले आणि वर बघायला लागले.

पाऊस वाढला. नव्या पत्र्यावर असा आवाज की गणित बाजूलाच, मला माझंच बोलणं ऐकू येईना. शिकवणं शक्यच नव्हतं. मी उभी, पोरं बसलेली, साहेब वर बघतायत. ते उठले. एका कोपऱ्यात गेले, दुसऱ्या कोपऱ्यात गेले, फळ्याच्या वर बघितलं, जमिनीला हात लावून बघितला. मग काहीतरी बोलले. मी मान हलवली, ऐकू येत नाही. ते माझ्याजवळ आले आणि कानाशी तोंड आणून ओरडले,

"वर्ग इथेच राहील!"

मला ते नीट ऐकू आलं होतं. तरी मी ओरडले, "काय म्हणालात, साहेब?"

"इथेच राहील! तिसरी!"

"काय?"

"राहील! राहील!" त्यांनी दोन्ही हातांनी जमिनीकडे दाखवलं, आणि पोरांना ते खुणेनं समजलं. ती बाकांवर उभी राहिली, तोंडं उघडली, ओरडत असणार. साहेबांनी फाइल डोक्यावर धरली आणि तसेच पावसात मुडाकीच्या खोलीकडे पळाले.

मी खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड केलं. मग मी रडले. मे महिन्यापासूनचं सगळं रडले, चांगले मोठ्यानं हुंदके देऊन. त्या आवाजात एकाही पोराला ऐकू गेलं नाही.